वाळवंटातली दुपार आणि रोजेदार कामगार

‘रमजान’ हा शब्द ‘रमद’ या अरबी धातूपासून आला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. रमद म्हणजे दाह. उन्हाने तापलेल्या वाळूचा, भाजून निघालेल्या दगडाचा दाह. उपवासाने पोटात पेटणाऱ्या आगीला नाव द्यायचे तर अरबस्तानातल्या माणसाला उपमा शोधायला दूर जावे लागले नाही. ती त्याच्या पायाखालीच होती.

हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि त्यात आपल्या पंचांगासारखा अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पुरी करतो. २०१४ ते २०१६ या वर्षांत तो आखाती देशांत ऐन उन्हाळ्यात आला होता. तेव्हा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा रोजा सुमारे १५ तासांचा होत असे. आता तो थंडीकडे सरकला आहे. २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये, रमजान सुरू होईल. २०४० नंतर तो पुन्हा उन्हाळ्याच्या दिशेने निघेल. तोवर आखातातल्या रोजेदार कामगारांना उसंत आहे. मात्र वाळवंटातला उन्हाळा दरवर्षी येतो. तेव्हा रोजा नसतो, पण तहान असते आणि काम असते.

हा विषय दूरदेशीचा वाटेल, पण तो आपल्या दाराशीच आहे. रत्नागिरी, खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात असे गाव शोधावे लागेल, जिथल्या एकाही घरातून कोणी ‘गल्फला’ गेलेला नाही. या सहा आखाती देशांत मिळून आज सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांत अभियंते, डॉक्टर, व्यापारी आहेत. पण मोठी संख्या गवंडी, सुतार, वेल्डर, फिटर, चालक, सफाई कामगार, स्वयंपाकी आणि घरकाम करणाऱ्या बायकांची आहे. त्यांत मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. वाळवंटातले ऊन माणसाचे नाव विचारून लागत नाही.

जुने नाते

तेल सापडण्याच्या कितीतरी आधीपासून आखाताचे मुंबईशी नाते होते. तिकडच्या समुद्रातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले आणि इमारती लाकूड जाई. कितीतरी वर्षे तिकडे भारतीय रुपयाच चलनात होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या. पुढे कुवेतने १९६१ मध्ये, बहरीनने १९६५ मध्ये आणि ओमानने १९७० मध्ये स्वतःचे चलन आणले.

त्या काळी तिथे राहणे सोपे नव्हते. कुवेतला गोडे पाणी शत अल-अरब नदीतून गलबतांत भरून आणावे लागे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे मोठे कारखाने तिथे १९५०च्या दशकात उभे राहिले आणि मगच शहर वाढू शकले. आज आखातातल्या मोठ्या शहरांत नळाला येणारे पाणी बहुतांशी समुद्राचेच, मीठ काढून टाकलेले असते. हिरवी झाडे, कारंजी आणि काचेचे मनोरे पाहणाऱ्याला हे आठवत नाही.

वाळवंटातल्या मूळ लोकांनी मात्र यंत्रे नसतानाही तिथे शेकडो वर्षे काढली. कशी? त्यांनी उन्हाशी झुंज घेतली नाही, त्याच्या वेळा सांभाळल्या. उन्हाळ्यात काफिले रात्री चालत आणि दिवसा थांबत. बदाऊनी लोकांचे तंबू बकरीच्या केसांचे, काळे, जाड विणीचे असत. त्यांत सावली मिळे आणि हवाही खेळती राहे. अंगात सैल, पायघोळ कपडे आणि डोक्याला रुमाल, म्हणजे कातडीला ऊन लागू नये आणि घाम वाऱ्याने सुकावा. दुबईच्या जुन्या अल फहिदी वस्तीत आजही वारा खाली खेचून घरात सोडणारे मनोरे दिसतात. त्यांना ‘बरजील’ म्हणतात. ओमानमध्ये डोंगराच्या पोटातले पाणी उताराने गावात आणणारे ‘फलज’ कालवे आहेत. २००६ मध्ये त्यांतले पाच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. या पाण्याची वाटणी वेळ मोजून होई आणि प्रत्येक शेताची पाळी ठरलेली असे. दुपारी वामकुक्षी घेण्याला अरबीत ‘कैलूला’ म्हणतात. तो आळस नव्हता. वाळवंटात जगण्याचा तो पहिला नियम होता.

तेलाच्या पैशाबरोबर नवे घड्याळ आले. इमारत अमुक तारखेला उभी राहिली पाहिजे, नाहीतर ठेकेदाराला दंड. वातानुकूलन आले आणि कचेरीतल्या माणसाला दुपार जाणवेनाशी झाली. ती दुपार मग पराच्या पहाडावर चढलेल्या गवंड्याच्या वाट्याला आली.

अंगात काय होते?

वाळवंटातले ऊन माणसाला नेमके काय करते, हे समजून घेतले तर पुढचे सगळे समजते. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. कष्टाचे काम केले की स्नायूंत उष्णता तयार होते. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की ती उष्णता बाहेर टाकायला एकच वाट उरते, ती घामाची. घाम नुसता येऊन उपयोग नाही. तो सुकला तरच अंग थंड होते. भर उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो.

२१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबा या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केले. पण आकडा नेहमी पुरी गोष्ट सांगत नाही. आतल्या वाळवंटात हवा कोरडी असते, तिथे घाम लगेच सुकतो आणि माणसाला आपण किती पाणी गमावले ते कळतही नाही. दुबई, दोहा, मनामासारख्या किनाऱ्यावरच्या शहरांत ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट होते की घाम सुकतच नाही. तिथे ४० अंशही आतल्या ४८ अंशांपेक्षा जास्त घातक ठरू शकतात. मुंबईतला ऑक्टोबरचा उकाडा ज्याने सोसला आहे, त्याला याची थोडीशी कल्पना येईल.

म्हणून धोका मोजायला नुसता तापमापक पुरत नाही. ओल्या कापडात गुंडाळलेला, काळ्या गोळ्यात बसवलेला आणि साधा अशा तीन तापमापकांची नोंद एकत्र करून एक निर्देशांक काढतात. त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के वजन असते, कारण घाम सुकेल की नाही हे तोच सांगतो.

पाणी कमी पडले की आधी डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळते, लघवी गडद होते. पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो, पाय लटपटतात. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले की तो उष्माघात. त्या वेळी त्याला सावलीत न्यायचे, कपडे सैल करायचे, अंगावर गार पाणी टाकून वारा घालायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. इथे एक-एक मिनिट मोलाचे असते. जो मरत नाही, त्याच्याही मूत्रपिंडावर असे उन्हाळे वर्षानुवर्षे घाव घालत राहतात.

सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला असतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हात फक्त २० टक्के काम द्यावे आणि मग रोज २०-२० टक्क्यांनी वाढवावे. आता कोकणातून गेलेला पोरगा डोळ्यांसमोर आणा. शनिवारी विमानातून उतरला, सोमवारी कामावर. आपण कमजोर आहोत असे मुकादमाला वाटू नये, म्हणून तो पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे असतो.

कायद्याची दुपार

आखाती देशांनी या प्रश्नाकडे डोळेझाक केली, असे म्हणणे खरे होणार नाही. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला आता तिथे बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ काम बंद ठेवावे लागते. मोडणाऱ्या मालकाला प्रत्येक कामगारामागे ५,००० दिरहम दंड आहे. सौदी अरेबियात याच तारखांना १२ ते ३ अशी वेळ आहे. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४. कतारने २०२१ मध्ये नियम कडक केला. तिथे १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० काम बंद असते. शिवाय वर सांगितलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर कोणतीही वेळ असो, काम थांबवावे लागते.

यातला कतारचा दुसरा नियम अधिक शहाणपणाचा आहे, कारण तो घड्याळाकडे न बघता हवेकडे बघतो. तारखांच्या नियमाला फटी राहतात. मे महिन्यात ऊन कमी नसते. ऑगस्टची दमट संध्याकाळही दुपारइतकीच जाचक असते. डांबर घालणे, काँक्रीट ओतणे, फुटलेली पाण्याची वाहिनी जोडणे अशा मध्ये थांबवता न येणाऱ्या कामांना अमिरातीत सूट आहे. अशा ठिकाणी पाणी आणि सावली देणे मालकावर बंधनकारक असले, तरी पाण्याचा पिंप किती दूर आहे हे शेवटी मुकादमावरच असते.

राहण्याचाही प्रश्न आहे. दुबईत कामगारांच्या मोठ्या वस्तीला लोक ‘सोनापूर’ म्हणतात, म्हणजे सोन्याचे गाव. मुंबईच्या जुन्या माणसाला हे नाव ऐकून स्मशान आठवते, ही गोष्ट निराळी. खोलीत एकावर एक खाटा, सामाईक स्वयंपाकघर, सकाळी संडासापुढे रांग. काही कंपन्या स्वच्छ, वातानुकूलित खोल्या देतात, काही ठिकाणी माणसे कोंबतात. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि सुमारे ५० जण गेले. त्यांत बहुतेक भारतीय होते. उन्हापासून वाचून माणूस जिथे झोपतो, ती जागाही सुरक्षित असावी लागते.

सहरी ते इफ्तार

रमजानमध्ये कामगाराचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. सहरीला रात्रीचाच भात, डाळ, पराठा, दही किंवा ‘लबन’, म्हणजे ताक. अनुभवी माणूस खारट लोणचे खात नाही, चहा कमी पितो आणि पाणी एकदम न ढोसता थोडे थोडे पितो. फज्रची नमाज झाली की कंपनीची बस उभी. अमिरातीत रमजानमध्ये खासगी क्षेत्रात कामाचे तास रोज दोनने कमी होतात आणि ही सवलत सर्व धर्मांच्या कामगारांना आहे. सौदी कायद्यात मुस्लिम कामगारांना दिवसाला सहा तासांची मर्यादा आहे.

कागदावर हे चांगले आहे. पण ज्याची कमाई जादा तासांवर उभी आहे, तो तास कमी झाल्याने खूश होत नाही. घरकाम करणाऱ्या बाईचे काम तर या महिन्यात वाढते. इफ्तारचे पदार्थ, रात्रीचे पाहुणे, सहरीची तयारी. तिच्या कामाला दुपारही नाही आणि रात्रही नाही. मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाला मगरिबच्या आधीचा तास सर्वांत जड जातो. सगळ्यांना जेवण वेळेवर हवे असते आणि तो स्वतः रोज्याने असतो.

बिगरमुस्लिम कामगाराची अडचण वेगळी. कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्याने रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १०० दिनारपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मग केरळच्या ख्रिस्ती वेल्डरने किंवा आंध्रच्या हिंदू सुताराने पाणी कुठे प्यायचे? शहाणा ठेकेदार त्यांच्यासाठी आडोशाची खोली ठेवतो. जिथे ती नसते, तिथे रोजा न धरताही त्यांना रोजा घडतो.

पाण्याचा पेला

रोजा म्हणजे जिवावर बेतले तरी पाणी प्यायचे नाही, असा समज अनेकांचा असतो, काही मुसलमानांचाही. धर्माचे म्हणणे तसे नाही. ज्या ठिकाणी कुरआनात रोज्याचा आदेश आला आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर सोयीच्या दिवसांत पुरे करावेत. अल्लाहला तुमच्यासाठी सोपे व्हावे असे वाटते, कठीण नव्हे, असा त्या वचनाचा भाव आहे.

हिजरी ८, म्हणजे इ.स. ६३० मधला एक प्रसंग हदीसमध्ये नोंदलेला आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) हजारो अनुयायांसह रमजानमध्ये मदिनेहून मक्केकडे निघाले होते. वाटेत त्यांना सांगण्यात आले की लोकांना रोजा झेपत नाही, पण तुम्ही काय करता याकडे सगळे पाहत आहेत. पैगंबरांनी पाण्याचा पेला मागवला, सर्वांना दिसेल असा वर उचलला आणि ते पाणी प्यायले. त्यानंतरही काहींनी रोजा सोडला नाही असे कळले, तेव्हा त्यांनी नाराजी व्यक्त केली. पेला वर उचलण्यात अर्थ होता. थकलेल्या माणसाला परवानगी असून चालत नाही, ती घ्यायला लाज वाटू नये हेही कोणीतरी पाहावे लागते.

२०१० मध्ये रमजान ऑगस्टमध्ये आला, तेव्हा अमिरातीच्या धार्मिक व्यवहार खात्याने उन्हात राबणाऱ्या कामगारांबद्दल असाच निर्णय दिला होता. कामगाराने सहरी करून रोजा सुरू करावा. तहान असह्य झाली, जिवाला अपाय होईल असे वाटले, तर रोजा सोडावा आणि पुढे तो भरून काढावा.

तरीही पुष्कळ कामगार पाणी पीत नाहीत. श्रद्धा हे एक कारण आहे आणि त्याचा आदर केलाच पाहिजे. पण दुसरे कारण कर्जाचे आहे. भारतीय नियमाप्रमाणे परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. प्रत्यक्षात लाख-दीड लाख मोजून, आईचे दागिने गहाण ठेवून गेलेले तरुण प्रत्येक तालुक्यात सापडतील. असा तरुण सावलीत बसला की त्याला विश्रांती दिसत नाही, व्याज दिसते. दुपारच्या सुटीचा कायदा, रोज्याची सवलत आणि पाण्याचा पिंप या तिन्ही गोष्टी जवळ असूनही तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण प्रसिद्ध आहे. तिला जोडून हेही म्हणता येईल की त्याला घाम सुकवायला सावलीही द्या.

इथून काय करता येईल?

सूर्य मावळताना आखातातले चित्र बदलते. दुबईत इफ्तारची तोफ उडते. सिग्नलवर स्वयंसेवक गाड्यांच्या खिडकीतून खजूर आणि पाण्याची पाकिटे देतात, कोणाचा धर्म न विचारता. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीत हजारो लोक एका वेळी इफ्तारला बसतात आणि त्यांत मोठा भाग कामगारांचा असतो. ज्याला दिवसभर कोणी नावाने हाक मारली नाही, त्याच्यापुढे कोणीतरी अदबीने ताट ठेवते. ही त्या महिन्याची श्रीमंती आहे. ती वर्षभर टिकावी, एवढेच मागणे.

गावाकडच्या माणसांनाही यात करण्यासारखे आहे. मुलगा निघण्यापूर्वी एजंटचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. करारातले कामाचे स्वरूप आणि पगार त्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा उतरवला आहे का ते पाहावे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला १० लाखांचे संरक्षण मिळते. रमजानात जकात आणि सदका काढताना कर्ज काढून गेलेल्या एखाद्या तरुणाचे घर आपल्या मोहल्ल्यात आहे का, हेही पाहता येईल. कर्जात अडकलेल्या माणसाला कुरआनाने जकातीच्या हक्कदारांत धरले आहे.

आणि फोन. आखातातून इफ्तारनंतर फोन येतो तेव्हा घरातून विचारले जाते, ‘रोजा कसा गेला? पैसे कधी पाठवशील?’ त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत, रमजानात आणि त्याहून जास्त जून-जुलैत. ‘बेटा, दुपारी थांबवतात ना कामावर? पाणी पितोस ना?’ आईने हे विचारले की पोराला कळते, घराला त्याच्या पैशांइतकीच त्याचीही गरज आहे.